घर आणि कायदा : तगाद्यालाही मर्यादा आहे

'तगादा' हा शब्द मराठीत फारसीच्या वाटेने आला आणि सावकारी व्यवहारात असा रुजला की, आज धनको हा गावातील सावकार नसून एखादी बँक किंवा वित्तसंस्था असली, तरी त्या जाचाला दुसरा शब्द सुचत नाही. बदलली आहे ती केवळ रीत. पूर्वी सावकाराचा माणूस ओसरीवर ठाण मांडून बसे. आता तो दिवसातून वीस वेळा दूरध्वनी करतो, आणि आपण तो घेतला नाही तर आपल्या वहिनींना, कचेरीतील साहेबांना व शेजाऱ्यांनाही करतो.

इंदूरच्या एका वाचक भगिनींनी याच संदर्भात पत्र लिहिले आहे. धंदा बसल्यामुळे पतीचे वैयक्तिक कर्ज थकले. वसुलीदार सांगतो की, "संध्याकाळी पोलीस घेऊन येतो, सामानही उचलीन आणि अंगावरचे दागिनेही." त्या विचारतात, हे खरे का? कर्ज माझ्या नावे नाही, तरी मला अटक होईल काय?

या भगिनींना प्रथम धीर द्यावासा वाटतो, आणि तो कायद्याच्याच आधाराने देता येतो. कर्ज थकणे हा गुन्हा नव्हे. तो दिवाणी मामला आहे, आणि दिवाणी मामल्यात पोलिसांनी वसुली करावयाची नसते. ज्याच्यापाशी खरोखरच द्यावयास काही नाही आणि ज्याच्या मनात लबाडीही नाही, अशा ऋणकोला केवळ दारिद्र्यापायी तुरुंगात धाडता येणार नाही, असा निर्वाळा न्या. कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० सालच्या निकालात दिला आहे. स्त्रियांच्या बाबतीत तर दिवाणी प्रक्रिया संहितेचे ५६ वे कलम अधिकच स्पष्ट आहे : पैशाच्या हुकूमनाम्यापायी कोणत्याही स्त्रीला अटक करता येत नाही. मात्र एक सावधगिरी येथेच सांगितली पाहिजे. कर्जफेडीसाठी दिलेला धनादेश न वटता परत आला, तर तो १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा ठरू शकतो. त्यासंबंधीची नोटीस आली तर ती बाजूस टाकू नये.

आता दागिन्यांविषयी. त्याच संहितेचे ६० वे कलम गृहिणींनी कधी वाचले नसेल, पण ते जणू त्यांच्यासाठीच लिहिले आहे. न्यायालयाच्या हुकुमाने होणाऱ्या जप्तीतूनही आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचारानुसार स्त्रीने अंगावरून उतरवू नयेत असे अलंकार वगळलेले आहेत. कारागिराची हत्यारे आणि शेतकऱ्याची अवजारेही वगळलेली आहेत. सरकारी निवृत्तिवेतनाला हात लावता येत नाही. पगारातील पहिले एक हजार रुपये आणि उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग सामान्यतः सुरक्षित असतो. जे न्यायालयाचा बेलीफ नेऊ शकत नाही, ते वसुलीदाराने नेण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तारण म्हणून लिहून दिलेले घर अथवा वाहन ही गोष्ट अर्थातच निराळी. परंतु तेथेही नोटिशीची रीत आहे, अंगबळाची नाही.

पत्नी, भाऊ वा वडील हे केवळ नात्यामुळे कर्जाला बांधले जात नाहीत. सहकर्जदार किंवा जामीन म्हणून सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी. जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः मूळ ऋणकोइतकीच असते. कर्जदार वारल्यास वारसांवर बोजा येतो तो वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरता. जामिनाची सही भिडेखातर केली जाते, हे आम्हांला ठाऊक आहे. भीड कागदावर दिसत नाही, सही दिसते.

पुष्कळ घरांत खरी घबराट होते ती वकिलाच्या नोटिशीने. भाषांतराच्या कामामुळे असे मसुदे आमच्या पाहण्यात येतात. ठळक अक्षरे आणि 'अंतिम' हा शब्द यांमुळे तो कागद न्यायालयाच्या हुकुमासारखा भासतो. नोटीस म्हणजे समन्स नव्हे. खटल्याचा क्रमांक व न्यायालयाचा शिक्का आहे काय, हे आधी पाहावे. समन्स असेल, तर मात्र त्या तारखेस हजर राहण्यावाचून गत्यंतर नाही.

रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करण्यास मनाई केली. सूक्ष्म कर्जांसाठी २०२२ च्याच निर्देशांत ही वेळ सकाळी नऊ ते सायंकाळी सहा अशी ठेवली गेली. धमकी, निनावी दूरध्वनी, चारचौघांत अपमान, कुटुंबीय व स्नेही यांच्या खाजगी जीवनात ढवळाढवळ, हे सारे त्या परिपत्रकाने निषिद्ध ठरविले. वसुलीदाराने ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र जवळ बाळगावे, हे तर २००८ पासूनच सांगितलेले आहे. ते मागण्यास संकोच करू नये. वसुलीदार बाहेरचा असला, तरी त्याच्या वर्तनाची जबाबदारी बँकेचीच राहते.

इंदूरच्या भगिनींनी आजच एक वही घालावी. तारीख, वेळ, क्रमांक आणि उच्चारलेले शब्द तीत टिपावेत; संदेश पुसून टाकू नयेत. मग बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी, आणि त्याच अर्जात हप्ते वाढवून मागावेत. तीस दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. मारण्याची वा बदनामीची धमकी असेल तर तीस दिवस थांबू नये. भारतीय न्याय संहितेच्या ३५१ व्या कलमाखाली तो गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलीस ठाणे आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधिसाहाय्य मिळते; त्याचा क्रमांक १५१००. कर्जदात्या ॲपचा ठावठिकाणाच लागत नसेल, तर १९३० वर कळवावे.

जाहिरातींच्या नकोशा दूरध्वनींची गोष्ट स्वतंत्र आहे. १९०९ या क्रमांकावर नोंदणी केल्याने ते रोखता येतात, पण थकबाकीचा तगादा त्याने थांबत नाही. तो जाहिरात नव्हे. पुष्कळजण या नोंदणीवर विसंबून निराश होतात ते यामुळेच. साध्या दहा आकडी क्रमांकावरून जाहिरात करणे नियमबाह्य आहे, आणि २०२५ च्या दुरुस्तीनंतर अशा दूरध्वनीची तक्रार, पूर्वनोंदणी नसली तरी, सात दिवसांच्या आत १९०९ वरच करता येते. तक्रारीत तो क्रमांक, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय द्यावा.