प्रॅक्टिकल बुडवू नका

बारामती-इंदापूर भागातल्या अकरावी, बारावी आणि बी.एस्सी.च्या मुलांना आणि त्यांच्या आई-वडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दांडी मारू नका आणि दुसऱ्याच्या जर्नलमधली रीडिंग उतरवून घेऊ नका.

बारावीला ७० गुण लेखीचे, ३० प्रात्यक्षिकाचे. सीईटीत ब्युरेट कुणी हातात देत नाही. म्हणून क्लास महत्त्वाचा आणि प्रयोगशाळा फक्त सह्या घेण्यापुरती, असं मुलं धरून चालतात. घरचेही म्हणतात, "ते तीस मिळतातच." मिळतीलही, पण हात तयार होत नाही.

मी शेतकऱ्याच्या घरातला. शाळेत परीक्षानळी पाहिली ती कपाटाच्या काचेआडच; कॉलेजात आल्यावर सरांनी ती हातात दिली. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघालं. आज शारदानगरला, विद्या प्रतिष्ठानमध्ये, इंदापुरातही विज्ञान शाखा आहे. दाराशी आलेली ही सोय वाया घालवू नका.

टायट्रेशनच घ्या. ब्युरेट आधी पाण्याने धुवायची, मग जे द्रावण भरायचं त्यानेच खंगाळायची. नाहीतर आत राहिलेल्या पाण्याने द्रावण पातळ होतं. तोटीखाली हवेचा बुडबुडा राहिला की रीडिंग चुकलंच. वाचताना डोळा द्रावणाच्या पातळीला आणायचा आणि वक्राची खालची कड वाचायची. पोटॅशियम परमँगनेट गडद असतं, तिथे वरची. पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी फुगा वापरायचा. शेवटचा थेंब फुंकायचाही नाही, टोक फ्लास्कच्या आतल्या बाजूला टेकवायचं. पायलट रीडिंगनंतर शेवटी एकेक थेंब सोडायचा आणि फिकट गुलाबी छटा टिकली की थांबायचं. गडद झालं तर ते टाकून पुन्हा करायचं. हे पुस्तकातून येत नाही, बोटांनाच शिकावं लागतं. अख्ख्या बॅचचा सीबीआर (स्थिर ब्युरेट रीडिंग) दशांशापर्यंत एकच आला, की प्रयोग एकानेच केलाय हे आम्हा शिकवणाऱ्यांना कळतं, आणि वाईट वाटतं.

ॲसिड पाण्यात हळूहळू ओता, पाणी ॲसिडमध्ये कधीच नको. अंगावर उडालं तर लाजत बसू नका, लगेच भरपूर वाहत्या पाण्याखाली धरा आणि सरांना सांगा.

हे कॉलेजपुरतंच आहे असं समजू नका. गर्बर पद्धतीने दुधाची फॅट काढताना ब्युटिरोमीटरमध्ये १० मिली गंधकाम्ल, १०.७५ मिली दूध आणि १ मिली अमाईल अल्कोहोल घ्यावं लागतं. दूध मोजताना हात चुकला की फॅट चुकते, आणि आपल्याकडे दुधाचा दर फॅटवर असतो. नीरा डाव्या कालव्याखाली क्षारपड, चोपण जमिनीचं दुखणं जुनं आहे. जिप्सम किती टाकायचं हे माती परीक्षणावरून ठरतं. पीएच मीटर बफर द्रावणाने जुळवून घेतला नसेल तर ७.५ चा आकडा ८.५ दिसू शकतो, आणि पीएचमधला एका अंकाचा फरक म्हणजे दहापट फरक. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या कारखान्यांत रसाचा ब्रिक्स आणि पोल काढणाऱ्या केमिस्टलाही हाच काटेकोर हात लागतो. उसाची एफआरपी उताऱ्याशी बांधलेली आहे, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून पालकांनो, प्रवेश घेण्याआधी कॉलेजची इमारत पाहता तशी प्रयोगशाळाही पाहा. एका ब्युरेटवर किती मुलं असतात, नळाला पाणी आहे का, धूर बाहेर टाकणारा पंखा चालतो का, हे विचारा. विचारायला संकोच कसला? फी तुम्हीच भरता. संध्याकाळी मुलाला किंवा मुलीला मार्कांऐवजी "आज रीडिंग किती आलं?" एवढं विचारा. मुलांनो, रीडिंग पुस्तकापेक्षा वेगळं आलं तरी खोडू नका. जे आलं तेच लिहा, सरांना दाखवा आणि कुठे चुकलं ते त्यांच्याकडून समजून घ्या.