जीमेलची जुनी सोय जातेय: धंद्याच्या ईमेलला आता कुठली टूल्स जोडायची?

नांदेडहून हिंगोलीकडे निघालात की अर्धापूरनंतर डोंगरकडा लागतं. कळमनुरी तालुक्यातला हा पट्टा केळीसाठी ओळखला जातो. इथला बराचसा व्यवहार फोनवर आणि व्हॉट्सॲपवर होतो. घडांचे फोटो, भाव, गाडी कधी भरायची, सगळं तिथेच ठरतं. पण शेतकरी उत्पादक कंपनी काढली, परराज्यातल्या मोठ्या खरेदीदाराला बिल पाठवायचं झालं किंवा बँकेत कर्जाची फाइल द्यायची झाली, की ईमेल लागतोच. मग घरातलं मोबाइल-कम्प्युटर कळणारं कुणीतरी स्वस्तातलं डोमेन आणि होस्टिंग घेतं, कंपनीच्या नावाचा ईमेल बनवतं आणि जीमेलला जोडून मोकळं होतं.

ते ‘कुणीतरी’ बहुतेक तुम्हीच असता. म्हणून ही बातमी तुमच्या कामाची आहे.

नेमकं काय बदलतंय?

कम्प्युटरवर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्या खात्यांचे मेल आणायची सोय आहे. ‘पॉप’ पद्धतीने जीमेल तुमच्या होस्टिंगच्या सर्व्हरवरून मेल उचलतं आणि आपल्या इनबॉक्समध्ये टाकतं. त्यामुळे जीमेलचा स्पॅम फिल्टर आणि सर्च फुकटात मिळतो. ही सोय २०२६ मध्ये बंद करत असल्याचं गूगलने जाहीर केलंय.

मोबाइलच्या जीमेल ॲपमध्ये ‘आयमॅप’ने दुसरं खातं जोडता येईल, ते चालूच राहणार आहे. पण तेव्हा ॲप ही फक्त खिडकी असते. मेल राहतो तुमच्या सर्व्हरवर. म्हणजे स्पॅम अडवणं, व्हायरस तपासणं, चोराला बाहेर ठेवणं ही सगळी जबाबदारीही त्याच सर्व्हरची. आजवर जीमेलच्या सावलीत झाकलेलं हे काम आता उघडं पडणार.

सर्व्हरला काय हवं?

सगळ्यात आधी तीन गोष्टी, आणि तिन्ही फुकट: एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क. या डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये टाकायच्या नोंदी आहेत. आमच्या नावाने मेल कोणता सर्व्हर पाठवू शकतो, हे एसपीएफ सांगतं. डीकिम प्रत्येक मेलवर डिजिटल सही करतं. आणि या तपासण्यांत मेल नापास झाला तर त्याचं काय करायचं, हे डीमार्क सांगतं.

जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून यावर कडक नियम लावले. रोज ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही सक्तीचे, आणि बाकी सगळ्यांना एसपीएफ किंवा डीकिम यापैकी एक तरी हवंच. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकला मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांसाठी तसाच नियम केला. तुमचं बिल समोरच्याच्या स्पॅममध्ये जात असेल, तर पहिला संशय इथेच घ्या.

त्यानंतर गाळणी. स्पॅमअसॅसिन किंवा आरस्पॅमडी प्रत्येक मेलला गुण देतं आणि गुण ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की मेल स्पॅम ठरतो. क्लॅमएव्ही जोडलेल्या फाइलमधला व्हायरस शोधतं. फेलटूबॅन सतत चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्याचा आयपी पत्ता बंद करतं. स्वस्त होस्टिंगवर ही टूल्स तुम्हाला स्वतः बसवता येत नाहीत, पण सीपॅनेलसारख्या कंट्रोल पॅनेलमध्ये स्पॅम फिल्टर चालू करायचं बटण असतं. बाकीचं आहे का, ते होस्टिंगवाल्याला थेट विचारा. उत्तर मिळालं नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

वेबमेलची कामाची प्लगइन्स

सीपॅनेलमध्ये वेबमेल उघडलं की बहुतेक ठिकाणी राउंडक्यूब दिसतं. त्याला जोडायची काही प्लगइन्स खरंच उपयोगी आहेत:

- मॅनेजसीव्ह: मेल आल्याबरोबर कुठल्या फोल्डरमध्ये जावा, याचे नियम. ते सर्व्हरवरच चालतात, त्यामुळे तुमचा फोन बंद असला तरी काम होतं.
- अटॅचमेंट रिमाइंडर: ‘सोबत फाइल जोडलीय’ अशा अर्थाचं लिहिलं आणि फाइल जोडायला विसरलात, तर पाठवण्याआधी टोकतं.
- झिपडाउनलोड: मेलमधल्या सगळ्या फाइल एकदम उतरवता येतात.
- टू-फॅक्टर लॉगिन: पासवर्डनंतर मोबाइलवरचा कोड मागतं. हे वेगळं बसवावं लागतं.

शेवटच्यात एक मेख आहे. वेबमेलमधला टू-फॅक्टर फक्त ब्राउझरचं दार राखतो. आयमॅपचं दार साध्या पासवर्डवर उघडं असेल, तर चोर तिकडून येईल. म्हणून पासवर्ड लांबलचक आणि वेगळा हवाच.

प्रत्येक जोड म्हणजे आणखी एक दार

जून २०२५ मध्ये याच राउंडक्यूबमध्ये एक मोठं भगदाड सापडलं. लॉगिन असलेला माणूस, म्हणजे कुणाचाही पासवर्ड चोरलेला चोरसुद्धा, थेट सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. ही चूक कोडमध्ये जवळपास १० वर्षं पडून होती. १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली, पण दुरुस्ती आल्यावरही जगभरात ८४ हजारांहून जास्त ठिकाणी जुनंच राउंडक्यूब चालू असल्याचं तेव्हा दिसलं. म्हणजे टूल वाईट नव्हतं, अपडेट झालं नव्हतं. म्हणून नवीन प्लगइन जोडण्याआधी ते शेवटचं अपडेट कधी झालंय ते बघा. वर्षानुवर्षं कुणी हात लावलेला नसेल, तर नकोच.

पैसे जातात ते असे

समजा, चोराला तुमच्या कंपनीच्या ईमेलचा पासवर्ड मिळाला. तो लगेच काही करत नाही. शांतपणे बिलं वाचत बसतो. मग मॅनेजसीव्हमध्येच एक नियम टाकतो: ‘पेमेंट’ किंवा ‘इनव्हॉइस’ शब्द असलेले मेल इनबॉक्सऐवजी कुठल्यातरी न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये जाऊ देत. नंतर तुमच्याच पत्त्यावरून खरेदीदाराला मेल जातो, ‘आमचं बँक खातं बदललंय’. खरेदीदाराने उलट विचारलं तरी तुम्हाला दिसत नाही. गाडीभर केळीचे पैसे भलत्याच खात्यात, आणि शेतकरी तुमच्या दारात.

या प्रकारच्या फसवणुकीत २०२४ या एका वर्षात सुमारे २७७ कोटी डॉलर गेल्याच्या तक्रारी अमेरिकेच्या एफबीआयकडे आल्या. इथे डीमार्कही वाचवत नाही, कारण मेल खरोखर तुमच्याच सर्व्हरवरून गेलेला असतो. आणि नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. चोराने टाकलेला नियम तसाच काम करत राहतो.

आज रात्री दहा मिनिटं द्या

१. वेबमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडा. तुम्ही न टाकलेला नियम दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या, नियम काढा आणि पासवर्ड बदला.
२. एसपीएफ, डीकिम आणि डीमार्कच्या नोंदी आहेत का ते तपासा. डीमार्क आधी फक्त अहवालावर ठेवा. आपले सगळे मेल पास होतायत हे दिसलं की हळूहळू कडक करा.
३. राउंडक्यूबची आवृत्ती बघा. जुनी असेल तर होस्टिंगवाल्याच्या मागे लागा.
४. खरेदीदारांना आत्ताच सांगून ठेवा: खातं बदलल्याचा मेल आला, तर आपल्या जुन्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत.

पैसे गेलेच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार टाका. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे समोरच्या खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

वरच्या यादीतलं चौथं काम कुठल्याच टूलने होत नाही. पण गावाकडे भाव फोनवरच ठरतो, तर खात्याचा नंबरही फोनवर पक्का करायला काय हरकत आहे?