क्रिक यांचे पुढचे वाक्यही वाचा

संपादक महोदय,


आपण छापलेल्या जीवोत्पत्तीवरील एका पत्रात शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिक यांना साक्षीला बोलावले आहे. जीवाचा उगम जवळजवळ चमत्कारच वाटतो, असे त्यांनी १९८१ च्या ‘लाइफ इटसेल्फ’मध्ये लिहिले, हे खरे. पण ‘सध्या तरी’ ही अट त्याच वाक्यात आहे. आणि लगेच पुढे क्रिक बजावतात की, साध्या रासायनिक अभिक्रियांतून पृथ्वीवर जीव निर्माण होणे शक्यच नव्हते, असा याचा अर्थ घेऊ नये. हाताशी काळ प्रचंड होता आणि आपले ज्ञान तोकडे आहे. हा इशारा गाळणे ही वाचकांची सरळसरळ दिशाभूल आहे. क्रिक २००४ मध्ये गेले, ते खुलासा करायला येणार नाहीत.

शिवाय संशोधन तिथेच थांबले नाही. ते पुस्तक आल्याच्या पुढच्याच वर्षी टॉमस चेक यांना स्वतःचा तुकडा स्वतःच कापून टाकणारा आरएनए सापडला. १९८९ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना व सिडनी ऑल्टमन यांना मिळाले ते आरएनएच्या याच उत्प्रेरक गुणासाठी. जीवाच्या उगमाच्या कोड्याचा एक धागा त्यातून हाती आला.

कोडे अजून सुटलेले नाही, वाद जरूर घालावा. मात्र पत्रलेखकांनी तो परिच्छेद पूर्ण वाचून दुरुस्ती पाठवावी आणि आपण ती छापावी, ही विनंती.

– एक वाचक