‘भरारी’ ह्या शब्दाविरुद्ध

काही महिन्यांपूर्वी वसईतील एका सत्कार समारंभाला उपस्थित राहण्याचा योग आला. आमच्याकडून बारावी होऊन गेलेल्या एका विद्यार्थिनीला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला होता. निमंत्रणपत्रिकेवर ‘गगनभरारी’ होती, सूत्रसंचालकांच्या तोंडी ‘गरुडझेप’ होती आणि अध्यक्षांच्या भाषणात आकाश ठेंगणे झाले होते. नाक्यावरील फलकावर तिच्या छायाचित्रामागे चार इंजिनांचे एक अजस्र जेट विमान झळकत होते. समारंभ आटोपला, चहा आला, आणि ती आमच्यापाशी येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “सर, मॅडम, हैदराबादला एटीआरवर जागा मिळतेय. ती घेऊ, की कर्ज काढून एअरबसचं रेटिंग करून मुंबईसाठी थांबू? घरी कुणाला विचारावं तेच कळत नाही.”

आम्हांला उत्तर देता आले नाही. वर्षानुवर्षे मराठी शिकवणाऱ्या आमच्यासारख्यांपाशी ह्या मुलीच्या प्रश्नासाठी एकही धड वाक्य नव्हते. उपमा मात्र ढीगभर होत्या. प्रस्तुत लेख त्या खजिलपणातून लिहिला आहे आणि त्याचा रोख आधी आमच्यावर, मग आमच्या व्यवसायबंधूंवर आहे.

प्रश्न नेमका काय आहे, हे प्रथम समजून घेऊ. बारामती, धुळे किंवा गोंदिया येथे, अथवा परदेशी, २०० तासांचे उड्डाण पूर्ण करून परवाना मिळतो. त्यासाठी पन्नास लाखांच्या पुढे खर्च होतो आणि वसईसारख्या ठिकाणी तो बहुधा वाडीचा तुकडा विकून किंवा घर गहाण टाकून उभा राहतो. परंतु एवढ्याने प्रवासी विमान चालवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी ‘टाइप रेटिंग’ नावाचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते आणि वैमानिक सामान्यतः एका वेळी एकाच प्रकारच्या विमानावर काम करतो. ते रेटिंग कंपनीने नोकरीसोबत करवून घेतले, तर बाँड लिहून द्यावा लागतो. नोकरीच्या आशेवर स्वतःच केले, तर आणखी दहा लाखांहून अधिक रक्कम जाते आणि नोकरीची हमी कोणीच देत नाही.

आता विमान आणि गाव ह्यांची गाठ पाहा. एटीआर ७२ हे सत्तर-पंच्याहत्तर आसनांचे, पंख्यांच्या इंजिनांचे विमान लहान शहरांच्या सेवेसाठी आहे. इंडिगोने ही विमाने डिसेंबर २०१७ मध्ये हैदराबादहून सुरू केली. मुंबईच्या विमानतळावरील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत आणि उड्डाणाच्या प्रत्येक वेळेसाठी चढाओढ असते. जिथे वेळ इतकी महाग, तिथे कंपनी साहजिकच एकशे ऐंशी आसनांचे एअरबस ए ३२० किंवा बोईंग ७३७ उभे करते. म्हणजे नवख्या वैमानिकाने विमान निवडले, की गाव बव्हंशी आपोआप निवडले जाते. गावाचा हट्ट धरला, तर विमान निवडता येत नाही. त्यातही बेस, म्हणजे जिथून ड्यूटी सुरू होते आणि जिथे संपते ते ठिकाण, कंपनीच्या गरजेनुसार आणि ज्येष्ठताक्रमाने ठरते. रांगेतल्या शेवटच्या माणसाला ‘निवड’ हा शब्द शोभेचाच असतो.

बरे, मुंबई बेस मिळाला म्हणजे घर मिळाले, असेही नाही. विरारहून अंधेरी रेल्वेने साधारण ३८ किलोमीटर. पण रात्रीचे काही तास लोकल बंद असते, आणि पहाटेचे विमान काही लोकलची वाट पाहत नाही. रस्त्याने जावे, तर वरसावे पुलावरची वाहतूक कधी अडेल ह्याचा नेम नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली. वसईकराला ते अंधेरीहूनही दूर. वाढवणजवळच्या विमानतळाच्या घोषणेवर आज कोणी घर बांधू नये. तेव्हा मुंबईसाठी थांबणारी मुलगी अखेर अंधेरीत भाड्याची खोली घेणार, हे उघड आहे. घर सुटायचेच असेल, तर त्यासाठी आणखी कर्ज कशाला, असा साधा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. कारण सगळे टाळ्या वाजवीत होते.

विमानाचा आकार म्हणजे प्रतिष्ठा, ही समजूतही तपासायला हवी. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. प्रत्येक वेळी मोठ्या विमानांवरचे अनुभवी वैमानिकही नोकरीच्या शोधात बाहेर पडले आणि नवशिक्यांची रांग मागे ढकलली गेली. बोईंग ७३७ मॅक्स विमाने मार्च २०१९ मध्ये जमिनीवर आणली गेली आणि भारतात त्यांना पुन्हा परवानगी मिळायला ऑगस्ट २०२१ उजाडले. ज्याने केवळ त्या विमानावर भिस्त ठेवली असेल, त्याचा दोष कोणता? गो फर्स्टने तर आपल्या विपत्तीचे खापर इंजिन पुरवणाऱ्या अमेरिकन कंपनीवर फोडले. वसईतल्या मुलीचे भवितव्य सातासमुद्रापार एखाद्या कारखान्यात ठरते. ‘जिद्द असेल तर आकाशही ठेंगणे’ ह्या वाक्यात हा कारखाना कुठे बसतो?

विश्रांतीचेही तेच. वैमानिकांच्या साप्ताहिक विश्रांतीचा किमान अवधी ३६ तासांवरून ४८ तास करणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले आणि २०२५ मध्ये दोन टप्प्यांत लागू व्हायचे ठरले. दुसरा टप्पा येताच, डिसेंबर २०२५ मध्ये, इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि नियमांतून तात्पुरती सूट द्यावी लागली. माणसाच्या झोपेवर इतकी मोठी व्यवस्था उभी होती, हे तेव्हा देशाला कळले. गरुडाला झोप लागत नाही, असे आपल्या कवितेने केव्हाच ठरवून टाकले आहे.

येथे आक्षेप येईल, तो आम्ही आधीच मांडतो. ‘हे करिअर मार्गदर्शन झाले, साहित्याच्या अध्यापकांचा ह्याच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि थेट आहे. शब्द पुरवणे हे आमचे काम आहे आणि आम्ही पुरवलेला शब्द ‘भरारी’ हा आहे. ह्या शब्दात कर्ज नाही, बाँड नाही, ज्येष्ठताक्रम नाही, भाड्याची खोली नाही. पक्ष्याला कोणी वेतन देत नाही आणि त्याचा बेस कोणी बदलत नाही. भरारीला केवळ दोनच शक्यता असतात, उंच जाणे किंवा कोसळणे. म्हणूनच लहान विमान स्वीकारणे ही आमच्या मुलांना अर्धी कोसळण वाटते.

ही खोड जुनी आहे. विमान म्हटले, की आम्हांला पुष्पक आठवते किंवा १८९५ मध्ये चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे ह्यांनी विमान उडवल्याची आख्यायिका. तिचा विश्वसनीय पुरावा नाही, आणि ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा उदोउदो केला जातो त्यातील विमाने उडूच शकत नाहीत, असे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. तरी आम्हांला अभिमान पुरतो. न उडालेल्या विमानावर भाषण देणारी भाषा रोज उडणाऱ्या विमानातल्या माणसाच्या रोस्टरविषयी मुकी आहे.

ही भाषा मुळात अशी नव्हती, ह्याची साक्ष वसईतच आहे. इथल्या वाडीवाल्याला राजेळी कोठे लावावी, पानवेलीला सावली किती हवी, बावखलाचे पाणी उन्हाळ्यात कोठवर पुरेल, हे विचारा. वाडवळीत बोलेल किंवा सामवेदीत, पण तो नेमके बोलेल. त्याच्याजवळ प्रत्येक निर्णयासाठी शब्द आहे, कारण चुकीच्या निर्णयाची किंमत त्याने मोजली आहे. त्याचीच नात विमान निवडताना मात्र निःशब्द होते, कारण मधल्या काळात तिला आम्ही मराठी ‘शिकवली’. ग्रामीण आणि दलित साहित्याने श्रमाची भाषा मराठीत आणली, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. ती आणली, ही गोष्ट संपली असे समजून आम्ही टिपणे उतरवून देतो.

आमचे मत विचाराल, तर ते असे. नवख्याने आधी नोकरी पाहावी, मग विमान, मग गाव. ज्या रेटिंगसोबत नेमणूकपत्र नाही, त्यासाठी दुसरे कर्ज काढू नये. लहान विमानावर टप्पे आखूड असतात, त्यामुळे उड्डाण आणि उतरणे ह्यांचा सराव भरपूर होतो आणि कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्याचे १५०० तास तिथेही भरतात. मात्र सही करण्यापूर्वी विचारावे: बाँड किती वर्षांचा? मोठ्या विमानावर जाण्याचा क्रम लेखी आहे का? बेस बदलून मागता येतो का? राजीनाम्याची मुदत किती? २०१७ च्या नियमाने ती सहवैमानिकाला सहा महिने आणि कॅप्टनला वर्षभर ठेवली, हे किती पालकांना ठाऊक असते?

हे प्रश्न मराठीत लिहून देणे, हा आमच्या मते निबंधाचा विषय आहे. ‘मी वैमानिक झालो तर’ हा निबंध शाळेत आपण सर्वांनी लिहिला आहे. त्यात एकदा तरी ‘माझा बेस कोणता असेल आणि का’ असे विचारून पाहावे.

ती मुलगी हैदराबादला रुजू झाली. परवा तिच्या वडिलांची स्टेशनवर भेट झाली. काय चालवते म्हणून विचारले, तर ते किंचित ओशाळून म्हणाले, “पंख्याचंच आहे हो, सर.” नाक्यावरचा चार इंजिनांचा फलक अजून उतरवलेला नाही. त्या माणसाच्या ओशाळेपणाचे कर्तृत्व आमचे आहे, आणि ते आम्ही मान्य करतो.