डुबकीतला समुद्राचा वाटा

दिवाळीच्या सुट्टीत आता आपल्या केदारखेड्यातूनही गाड्या तारकर्लीला निघतात. पोहता न येणारा माणूसही तोंडात नळी धरून, प्रशिक्षकाच्या भरवशावर मालवणच्या पाण्याखालचे प्रवाळ पाहून येतो. तिथला काही समुद्र १९८७ पासून अभयारण्य आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

असा समुद्र जपण्यासाठी कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटाने १९९२ मध्ये प्रत्येक डायव्हरकडून वर्षाला दहा डॉलर घ्यायला सुरुवात केली. त्यातून सागरी उद्यानाचा कारभार सावरला. नांगराने प्रवाळ मोडू नयेत म्हणून बोटी तिथे कायमच्या बोयांना बांधतात. मालवणातही डुबकीच्या पावतीवर संवर्धनाची रक्कम ठळक, वेगळी दिसावी. ती तिथल्याच बोया, गस्त आणि मच्छीमारांसाठी खर्च व्हावी. सहलीवर हजारो रुपये खर्चणारे आपण मराठवाड्यातले लोक त्यासाठी पन्नास रुपये आनंदाने देऊ.