ड्राफ्ट बिअरचे यंत्र घेताना दर शेवटी पाहा

पुण्यात 2009 साली डूलालीने मायक्रोब्रुअरी सुरू केली, तेव्हा नळाची ताजी बिअर ही महाराष्ट्रात अपूर्वाईची गोष्ट होती. आज पुण्या-मुंबईत नवा बार काढणारा मालक काउंटरवर चार-सहा नळ हवेतच असे धरून चालतो. पण ते नळ, चिलर, नळ्या आणि गॅसचा रेग्युलेटर कोणाकडून घ्यायचे, हे ठरते तीन कोटेशन मागवून सर्वांत खालच्या आकड्यावर बोट ठेवल्याने. ही पद्धत मला चुकीची वाटते. यंत्राची किंमत एकदाच मोजावी लागते, त्याची निगा मात्र बार चालू असेपर्यंत राखावी लागते. पुरवठादाराची पारख व्हायला हवी ती या निगेवर.

बाटलीतली बिअर सीलबंद येते. केगमधली, म्हणजे धातूच्या पिंपातली, बिअर ग्लासात पडण्याआधी कित्येक मीटर नळीतून जाते आणि तिचे भले-बुरे तिथेच ठरते. नळीच्या आतल्या बाजूला यीस्ट आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर धरतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा कठीण थर त्याला आणखी आसरा देतो. लॅक्टोबॅसिलसने बिअर आंबट होते, पेडिओकॉकसने तिला लोण्यासारखा वास येतो आणि हवा लागणाऱ्या नळाच्या तोंडाशी व्हिनेगरची चव तयार होते. या जिवाणूंनी सहसा कोणी आजारी पडत नाही, म्हणूनच दुर्लक्ष खपून जाते. गिऱ्हाईक तक्रार करत नाही, पुढच्या वेळी बाटली मागवते. अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनची मार्गदर्शिका दर 14 दिवसांनी कॉस्टिकच्या द्रावणाने आणि दर 3 महिन्यांनी आम्लाने नळ्या धुवायला सांगते. नुसते पाणी सोडून हा थर निघत नाही. तेव्हा हे काम कोण, कधी आणि किती पैशांत करणार, याचा उल्लेखच नसलेले कोटेशन स्वस्त कसे म्हणायचे?

जाणता पुरवठादार आधी विचारतो की केग कुठे ठेवणार. सुमारे साडेनऊ मिलिमीटर आतील व्यासाच्या नळीत दर मीटरला 70 मिलिलिटर बिअर मावते. कोल्ड रूम 15 मीटर दूर असेल तर एका नळामागे लिटरभर बिअर नळीतच उभी राहते आणि प्रत्येक सफाईला ती फेकावी लागते. सहा नळ असतील तर पंधरवड्याला सहा लिटर गेले. शिवाय बिअर केगपासून नळापर्यंत साधारण 3 अंश सेल्सिअसला राहिली पाहिजे. वाटेत ती तापली की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ग्लासात फेसच फेस येतो. विदर्भातल्या मे महिन्यात, वीज ये-जा करत असताना, ग्लायकॉल चिलरची क्षमता आणि नळ्यांवरचे आवरण यांत काटकसर केली तर ती रोज ड्रिप ट्रेमध्ये दिसते. 50 लिटरच्या केगमधून 330 मिलिलिटरचे दीडशे ग्लास निघायला हवेत; दहा टक्के फेसात गेले, तर पंधरा ग्लासांचे पैसे बुडाले. नळी लांबवली की पुरवठादाराचे बिल वाढते. तरीही ‘केग काउंटरजवळ आणा’ असे जो सांगतो, त्याच्यावर मी विश्वास ठेवीन.

गॅसबाबत तर तडजोड नकोच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, त्याला वास नसतो, आणि तळघरातल्या बंद खोलीत गळती झाली तर आत गेलेला कामगार बेशुद्ध पडू शकतो. सिलिंडर ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संस्थेने मान्य केलेला हवा, त्याच्या चाचणीची तारीख उलटलेली नसावी आणि खोलीत गॅस ओळखणारा अलार्म हवा. ‘पेसो’ या संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. महाराष्ट्रातल्या पुरवठादाराला तिचे नियम ठाऊक नाहीत, ही सबब चालू नये.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की बिअर कंपनीच यंत्र फुकट बसवून देते, मग एवढा खल कशाला? छोट्या बारसाठी हा मार्ग वाईट नाही, हे मान्य. मात्र यंत्र कंपनीचे असले की ब्रँड बदलायचे स्वातंत्र्य आक्रसते. सगळ्या केगना नळी जोडणारा एकच कपलर बसत नसल्याने दुसरी बिअर लावायची तर नवा खर्चही येऊ शकतो. सफाईची जबाबदारी लेखी नसेल तर कंपनी आणि मालक एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नळी तशीच राहते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सफाई आपली मुले करतील, बाहेरच्याला पैसे का द्यायचे? करू शकतात, जरूर. पण कॉस्टिकने कातडी आणि डोळे भाजतात, आणि ते नळीत उरले तर गिऱ्हाइकाच्या घशात जाते. म्हणून हातमोजे, चष्मा, धुतल्यावर पाण्याची पीएच तपासणी आणि हे सारे शिकवणारा माणूस लागतो. बारमधली मुले वरचेवर बदलतात. नव्या मुलांना पुन्हा शिकवण्याची अट करारात असेल, तर हा पर्याय मला पूर्ण मान्य आहे.

करारात आणखी दोन गोष्टी मागाव्यात: शनिवारी रात्री नळ बंद पडला तर किती तासांत माणूस येईल, आणि वॉशर, कपलर, रेग्युलेटर यांचे सुटे भाग शहरात आहेत की परदेशातून मागवावे लागतील. मग पुरवठादाराकडून दोन वर्षांपूर्वी यंत्र बसवलेल्या बारचे पत्ते घ्यावेत, तिथे जाऊन एक ग्लास मागवावा आणि मालकाकडे नळ्यांच्या सफाईची नोंदवही पाहायला मागावी.