एकटी कोंबडी ठेवू नका



गेल्या महिन्यात मुंगसानं आमच्या खुराड्यातल्या दोन कोंबड्या मारल्या. उरली एकटी तांबडी. ही बातमी नातेवाईकांत पसरली आणि सल्ले सुरू झाले. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, रविवारी येतो, मसाला वाटून ठेवा." एका स्नेह्यांनी सुचवलं, "खुराड्यात आरसा लावा, तिला वाटेल दुसरी आहे." शेजारी म्हणाले, "बाजारातनं एक आणून टाका आत, आठ दिवसांत जमतंय सगळं." तिन्ही सल्ले मला मान्य नाहीत. का, ते आज लिहितोच.

पहिला सल्ला. खाणाऱ्यानं खावं, माझं त्याबद्दल भांडण नाही. पण जिची अंडी चार वर्षं खाल्ली, तिची सोबत गेली म्हणून तिलाच कापायचं, हा न्याय मला समजत नाही. "माणसांना सोबत मिळेना, तुम्ही कोंबडीचं काय घेऊन बसलात?" असंही एकानं विचारलं. हे सांगोल्यात विचारावं? 2019 च्या दुष्काळात इथली माणसं जनावरांबरोबर चारा छावणीत राहिली. मुक्या जिवाची सोय बघणं ही आपल्याकडे चैन कधीच नव्हती.

आरशाचं तर काय बोलावं! मोबाईलवर नातवंडं दिसली म्हणून घर भरत नाही, हे त्या स्नेह्यांना माझ्याइतकंच ठाऊक आहे. कोंबडीचा पूर्वज लाल रानकोंबडा जंगलात आजही लहान थव्यानं राहतो. एक दाणे टिपते तेव्हा दुसरी मान वर करून घारीवर नजर ठेवते. रात्री अंगाला अंग लावून बसतात. आरसा घार आल्याची हाळी देत नाही आणि थंडीत ऊबही देत नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2008 च्या नियमांनुसार पोपट आणि गिनीपिग एकटे पाळता येत नाहीत. आपल्याकडे कायदा नसेल, अक्कल तर आहे ना?

तिसरा सल्ला सगळ्यांत घातक, कारण तो पटण्यासारखा आहे. मला पटला, आणि मी फसलो. बाजारातून एक तलंग आणली, पाय बांधून उलटी लटकवलेली. ती तशी आणली याची मला लाज वाटते. जनावराला विनाकारण वेदना होतील अशी वाहतूक 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे. घरी येताच तिला सरळ आत सोडली. दहा मिनिटांत तांबडीनं टोचून तिचं डोकं रक्तबंबाळ केलं. ती अजून दुसऱ्या डालग्यात आहे. जखम भरतेय.

दोष तांबडीचा नव्हता. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचं याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या शेल्डरुप-एब्बे यांनी 1920 च्या दशकाच्या सुरुवातीलाच हे मांडलं. मी आयुष्यभर वर्गात तेच पाहिलं. वर्षाच्या मध्यात एकटा नवा मुलगा आला की सगळा वर्ग त्याच्यावर तुटून पडायचा. दोघे एकदम आले की मार वाटला जायचा आणि मधल्या सुट्टीत बोलायला कुणीतरी असायचं.

म्हणून माझं म्हणणं असं. आणायच्या तर दोन आणा, अंगानं जवळपास जुनीएवढ्या. कोंबड्यांत मिसळण्याआधी तीन-चार आठवडे लांब, वेगळ्या ठेवा. मानमोडी बाजारातूनच घरात येते, तिची लस टोचून घ्या. मग आठवडाभर मध्ये जाळी लावून शेजारी ठेवा, एकमेकींना बघू द्या. नंतर अंधार पडल्यावर आत सोडा, कारण अंधारात कोंबडीला दिसत नाही, म्हणून भांडणही होत नाही. सकाळी मात्र लवकर उठून तिथं हजर राहा. दाण्याची भांडी दोन ठेवा. थोडी टोचाटोची चालेल, रक्त दिसलं की वेगळ्या करा.

आणखी एक वाट आहे, आपल्या आज्यांना माहीत असलेली. देशी कोंबडी खुडूक बसली की जिथं कोंबडा आहे अशा घरून अंडी आणून तिच्याखाली ठेवायची. 21 दिवसांत ती आपली सोबत आपणच उबवते. निम्मी कोंबडेच निघायची शक्यता, ते मात्र धरून चाला.

आणि यातलं काहीच जमणार नसेल, तर आपली एकटी एखाद्या वस्तीवरच्या कोंबड्यांत देऊन टाका. तिथंही याच पद्धतीनं. आपल्याला करमावं म्हणून तिला एकटी ठेवणं, हे प्रेम नव्हे.

मी दुसरी तलंग वस्तीवरून सांगून ठेवली आहे. या वेळी टोपलीत बसवून आणणार.

असो. पुतण्यानं रविवारी जरूर यावं. पिठलं-भाकरी मिळेल, आणि जाळी ठोकायला एक माणूस हवाच आहे.